रविवारची सायकल, आठवड्याची कामे

दुकानातून नवी रोडबाइक घरी येते तेव्हा तिला स्टँड नसतो, कॅरिअर नसते, मडगार्ड नसतात, चेनकव्हर नसते आणि पुष्कळदा घंटीही नसते. महागाच्या काही सायकलींना तर पायडलसुद्धा वेगळे विकत घ्यावे लागते. ज्यांनी हर्क्युलिस किंवा ॲटलासवर दळण आणले, रॉकेलचे डबे वाहिले, मागे धाकट्या भावाला बसवून शाळा गाठली, त्यांना ही सायकल अर्धीच जोडून हातात दिली असे वाटते. कोथरूडमधल्या एका पंक्चरवाल्याने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा दोन्ही बाजूंनी निरखून विचारले होते, "ताई, काय काय नाही ते दिसलं. आहे काय, तेवढं सांगा!"

या ताई म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेल्या एक मुद्रितशोधक. पुण्यातल्या काही प्रकाशकांची प्रुफे त्या घरी बसून तपासतात. मजकूर मेलवर येतो हे खरे, पण काम अजून बरेचसे कागदावर चालते. पडद्यावर निसटलेली वेलांटी कागदावर हमखास सापडते, असा त्यांचा अनुभव आहे आणि जुन्या लेखकांना समासातल्या लाल खुणा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. त्यामुळे नारायण पेठेतला छापखाना, सदाशिव पेठेतले अक्षरजुळणीचे ऑफिस, अप्पा बळवंत चौकातले प्रकाशक, टिळक रस्त्यावरची बँक आणि परतताना मंडई असा त्यांचा फेरा ठरलेला असतो.

रोडबाइक त्यांनी या फेऱ्यासाठी घेतलीच नव्हती. घेतली होती बीआरएमसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचे अंतर काटायच्या फ्रेंच पद्धतीच्या राइडसाठी. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, हा त्यातला सगळ्यांत लहान पल्ला. हौस भागली, पदके कपाटात गेली. मग मुलगी कॉलेजात गेली आणि घरातली स्कूटर तिच्याकडे गेली. प्रुफांचा गठ्ठा तर पोहोचवायचाच होता. बिल्डिंगखाली रिकामी उभी होती ती एवढीच.

तेव्हापासून लोक त्यांना पहिला प्रश्न विचारतात तो वेगाचा. या सायकली पन्नासने पळतात ना? पळवणारा तसा असेल आणि रस्ता उताराचा, मोकळा असेल तर पळतातही. कर्वे रस्त्यावर त्याचा उपयोग शून्य. कर्वे पुतळ्यापासून अप्पा बळवंत चौक पाच-सहा किलोमीटर आहे. जाताना रस्ता हळूहळू मुठेकडे उतरत जातो आणि येताना तोच उतार चढ होऊन समोर येतो. स्कूटरवर बसणाऱ्याला या चढाचा पत्ताही नसतो. सकाळी लवकर निघाले तर स्कूटर पुढे जाते, यात वाद नाही. पण संध्याकाळी नळस्टॉप, डेक्कन आणि अलका टॉकीजचा चौक ओलांडेपर्यंत दोघी बरोबरीने चालतात. वेळ वाचतो तो पोहोचल्यावर. जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. दुचाकी लावायला फट शोधत माणूस दोन गल्ल्या फिरतो, तेवढ्यात बाईंची प्रुफे देऊन झालेली असतात आणि चहाचा कप समोर आलेला असतो.

छापखाना एका जुन्या वाड्यात आहे. स्कूटर बाहेर रस्त्यावर ठेवावी लागते. दहा किलोची सायकल एका हाताने उचलून दिंडीदरवाजातून आत नेता येते आणि चौकातल्या भिंतीला टेकवता येते. टेकवायची ती डाव्या अंगाने, कारण चेन आणि गिअरचा नाजूक भाग उजवीकडे असतो. छापखान्यातल्या पोऱ्याला हे आता पाठ झाले आहे. कोणी सायकल हलवलीच तर तो पुन्हा नीट बाजू बघून ठेवतो.

वेग नसेल तर मग या सायकलीचा फायदा काय? गिअर आणि वजन. पुढे 50 आणि 34 दात्यांची दोन चक्रे, मागे 11 ते 28 दात्यांची आठ. सगळ्यांत हलक्या गिअरवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते, सगळ्यांत जड गिअरवर साडेनऊ मीटर. गावात हा जड गिअर कधीच लागत नाही. उपयोगी पडतो तो हलका. एरंडवण्यातून कोथरूडला परतताना मागे पाच किलो भाजी, कपाळावर ऊन आणि चढ असे तिन्ही एकदम वाट्याला येतात, तेव्हा जुन्या एकगिअरी सायकलीवरून उतरून चालावे लागले असते. इथे दोनदा टकटक करायचे आणि बसल्या बसल्या पाय फिरवत राहायचे. घाम येतो, धाप लागत नाही. छापखान्यात वाकून कागदावर खुणा करायच्या असतील तर हा फरक मोठा आहे.

अर्थात दुकानातून आली तशी ही सायकल कामाला येत नाही. बाईंनी तिच्यात जे बदल केले ते एकेका अडचणीमागून आले.

पहिले गेले ते क्लीटचे पायडल. लांबच्या राइडला बूट पायडलमध्ये अडकवून टाकणे सोयीचे असते. पण त्या बुटाच्या तळाला प्लास्टिकचा कडक उंचवटा असतो. बँकेच्या गुळगुळीत फरशीवर त्या बुटांनी चालणे म्हणजे सर्कस. शिवाय दर सिग्नलला पाय सोडवायचा आणि पुन्हा अडकवायचा. त्यांनी साधे सपाट पायडल बसवले आणि चपलेवर, सँडलवर, कशावरही निघायची मुभा मिळवली.

दुसरा बदल टायरचा. 25 मिलिमीटरचे काढून 28 चे घातले. तीन मिलिमीटरने काय होणार, असे वाटेल. होते असे की हवा नव्वद पीएसआयवरून सत्तरच्या घरात आणता येते आणि मनगटांना बसणारा मार कमी होतो. शर्यतीतले लोकही गेल्या दहा-पंधरा वर्षांत 23 वरून 25 वर आणि तिथून 28 वर आले आहेत. अरुंद टायर म्हणजे जास्त वेग हा जुना समज त्यांनीच मोडीत काढला. ब्रेकच्या चिमट्यात 28 च्या वर जागाच नव्हती, म्हणून तिथे थांबावे लागले. त्या टायरवर पूर्ण मडगार्ड बसेना, तेव्हा क्लिपने अडकवायचे अर्धे मडगार्ड आले. पुढच्या चाकाचा चिखल बुटांवर उडतो, पण पाठ आणि प्रुफे वाचतात.

तिसरा बदल कॅरिअरचा आणि इथे नशिबाने साथ दिली. त्यांच्या फ्रेमला मागच्या बाजूला स्क्रूसाठी आटे पाडलेले होते. ज्या सायकलींना ते नसतात त्यांना सीटच्या नळीला आवळायचे कॅरिअर लावतात, पण ते फार वजन पेलत नाही. प्रुफांचे वजन मात्र चकवणारे असते. 70 जीएसएमचा ए-फोर कागद एक घेतला तर साडेचार ग्रॅमसुद्धा भरत नाही. तीनशे पानांच्या पुस्तकाची एकपाठी प्रुफे सव्वा किलोच्या वर जातात. मूळ हस्तलिखित, पहिले प्रूफ आणि दुसरे प्रूफ असा गठ्ठा बांधला की चार किलो झालेच. पाठीवरच्या सॅकमध्ये ते घेतले तर हँडलवर वाकून बसण्यामुळे सगळा भार मानेवर येतो. म्हणून पिशवी कॅरिअरला हवी.

कॅरिअरच्या बाजूला लटकणारी मोठी पिशवी त्यांनी लावून पाहिली, तेव्हा टाच पिशवीला घासू लागली. रोडबाइकची मागची बाजू आखूड असते. पायडलच्या अक्षापासून मागच्या चाकाच्या अक्षापर्यंत जेमतेम एक्केचाळीस सेंटिमीटर. सामान वाहायच्या सायकलीत हेच अंतर पंचेचाळीसपर्यंत ठेवतात, ते याच कारणाने. उपाय साधा निघाला. पिशवी लहान घेतली आणि शक्य तितकी मागे सरकवली. जड वस्तू तळाशी, प्रुफे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभी, टोमॅटो सगळ्यांत वर.

शर्यतीच्या घाटाच्या सायकलीवर असे संसाराचे सामान लादणे काही शौकिनांना रुचत नाही. एका ओळखीच्या सायकलपटूने कॅरिअर पाहून नाक मुरडले होते. त्याला इतिहास सांगायला हवा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या क्लबांचे सायकलपटू एकाच सायकलवर सगळे करत. आठवडाभर तिच्यावरून कारखान्यात जायचे, मडगार्ड आणि दिवा लावून. रविवारी पहाटे शर्यतीची हलकी चाके पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना अडकवून शर्यतीच्या जागी पोहोचायचे, तिथे चाके बदलायची, मडगार्ड काढायचे, शर्यत करायची आणि पुन्हा सगळे लावून घरी यायचे. लँकेशरमधल्या नेल्सन गावची कॅरडाइस कंपनी 1932 पासून सीटमागे बांधायच्या कापडी बॅगा बनवते, त्या याच लोकांसाठी. हौसेची सायकल वेगळी आणि कामाची वेगळी ही विभागणी त्या मानाने अलीकडची आहे आणि तिच्यात दुकानदाराचा फायदा जास्त आहे.

पुण्यात तर ती आणखी ठळक झाली. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या या गावात सायकलला नगरपालिकेचा कर होता, बिल्ला होता, रात्री दिवा नसला तर पोलिसाची शिट्टी होती. बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना या दोन्ही गाड्या 1972 सालच्या. लूनाला तर पायडलही होते, म्हणजे सायकल सोडणाऱ्याला पुरते परके वाटू नये. पुढच्या काही दशकांत कारकून, प्राध्यापक, विद्यार्थी सगळे दुचाकीवर गेले. सायकल उरली पेपरवाल्याकडे, दूधवाल्याकडे आणि वॉचमनकडे. मग ती परत आली ती हेल्मेट, गॉगल आणि घट्ट जर्सी घालून, रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याकडे जायला. 2017 च्या अखेरीस महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास ॲपवरून भाड्याने घ्यायच्या रंगीत सायकली चौकाचौकांत दिसू लागल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशाही झाल्या. सायकल ट्रॅक आहेत, पण त्यांच्यावर कुठे टपरी, कुठे डीपी, कुठे उभ्या मोटारी. बाई ट्रॅकच्या भानगडीत न पडता रस्त्यावरूनच जातात, कडेपासून हातभर आत, म्हणजे उघडणाऱ्या मोटारीच्या दाराला आणि रिक्षाच्या अचानक थांबण्याला अंतर राहते.

रस्ता मात्र ही सायकल चालवणाऱ्यालाच खरा कळतो. जंगली महाराज रस्ता 1970 च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन बांधला आणि हमी संपून कित्येक वर्षे उलटली तरी त्याला खड्डे पडले नाहीत, ही हकिगत पुणेकर पुढच्या पिढीला अभिमानाने सांगतात. त्याच्या पलीकडे पेठांत शिरले की सिमेंटच्या सांध्यांमधल्या फटी, रस्त्याच्या पातळीखाली गेलेली चेंबरची झाकणे आणि वर आलेले पेव्हर ब्लॉक सुरू होतात. सगळ्यांत वाईट पावसाळी गटारावरच्या लोखंडी जाळ्या. गज रस्त्याच्या दिशेने लांब असतील तर अरुंद टायर सरळ आत जातो. अशा जाळ्या कुठे आहेत हे बाईंना घरातल्या पायऱ्यांइतके पाठ आहे. नदी ओलांडायला झेड पूल बरा, तिथे मोटारीच नाहीत. भिडे पुलाचा भरवसा पावसाळ्यात धरता येत नाही. खडकवासल्यातून पाणी सोडले की तो पाण्याखाली जातो.

पंक्चरची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण नवखे लोक तिथेच हात टेकतात. जुन्या सायकलच्या ट्यूबला वालट्यूबचा व्हॉल्व्ह असायचा. स्कूटर-मोटारीचा व्हॉल्व्ह जाड. रोडबाइकचा प्रेस्टा व्हॉल्व्ह बारीक आणि लांब असतो, कारण रिमच अरुंद. तिला जाड व्हॉल्व्हसाठी साडेआठ मिलिमीटरचे भोक पाडण्यापेक्षा साडेसहाचे पाडलेले परवडते. रस्त्याकडेच्या दुकानातली हवेची नळी या बारीक व्हॉल्व्हवर बसतच नाही. त्यासाठी पितळेचे बोंडूक मिळते, करंगळीच्या पेराएवढे. ते व्हॉल्व्हवर फिरवून बसवले की कोणत्याही कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. आधी व्हॉल्व्हच्या टोकाची चिमुकली नटी सैल करून एकदा दाबायची, फुस्स आवाज आला पाहिजे. नाहीतर हवा आत जात नाही. बाईंच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असे एक बोंडूक कायम असते.

तरी पंक्चरवाल्याचे मन तयार होईना. स्कूटरला तो तीस-पस्तीसपर्यंत हवा भरतो. "सत्तर करा," म्हटल्यावर त्याने नळी बाजूला काढली आणि दोन पावले मागे सरकला. "फुटेल हां ताई, मग मला बोलू नका." त्यांनी टायरच्या कडेवर छापलेला आकडा दाखवला, तेव्हा कुठे तो भरायला तयार झाला. आता तोच इतरांना ही माहिती देतो. एकदा ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवल्यावर शेजारी शेजारी दोन ठिकाणांहून बुडबुडे आले. काटा नाही, खिळा नाही, टायर धड. हे खड्ड्याचे पंक्चर. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेवर आदळताना ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते आणि तिला जोडीने भोके पडतात. अरुंद टायरमध्ये हवा थोडी मावते आणि ती आठवड्याभरात चांगलीच उतरते, म्हणून रविवारी रात्री पंप मारणे हा नियम. हाच पंक्चरवाला चाकाचा आऊटही काढतो आणि तारा आवळताना बोटाने वाजवून आवाजावरून ताण ओळखतो. गिअरचे काम मात्र तो हातात घेत नाही. त्यासाठी गावात मोजकीच दुकाने आहेत.

कुलूप हा दुसरा खर्च. रोडबाइकचे पुढचे चाक एका खटक्याने सुटते, शर्यतीत पटकन बदलता यावे म्हणून. गावात तोच खटका चोराच्या सोयीचा. बाईंनी दोन्ही चाकांना पान्याने आवळायचे दांडे बसवले आणि यू आकाराचे लोखंडी कुलूप घेतले, जे फ्रेम आणि मागचे चाक दोन्हीला धरून खांबाला अडकते. खांब कुठे आहे, त्यावर दुकान आणि बँकेची शाखा निवडण्यापर्यंत वेळ येते. एका इमारतीच्या वॉचमनने "सायकल आत नाही, मागच्या गेटने" असे सुनावले होते. दुधाच्या आणि पार्सलच्या पोरांना रोज तेच ऐकावे लागते. सायकल लाखाची की हजाराची हे त्याला कळत नव्हते आणि कळून फरक पडायलाही नको होता.

कपड्यांचे काही अडत नाही. ओढणी घरी ठेवायची किंवा कमरेला घट्ट बांधायची, कारण चेनकव्हर नाही. सलवारीच्या उजव्या पायाला वेलक्रोची पट्टी. डब्यात ओला रुमाल.

पावसाळा आणि दिवाळी अंकांचा हंगाम एकाच वेळी येतात, हे या धंद्याचे दुर्दैव. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रुफांची ये-जा सगळ्यांत जास्त आणि तेव्हाच रिम ओली होऊन ब्रेक उशिरा लागतात. त्यावर उपाय म्हणजे आधीपासून हलके ब्रेक दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्यायचे आणि अंतर दुप्पट ठेवायचे. पाण्याचे डबके दिसले की खाली खड्डा आहे असे धरून चालायचे. चेन दर दोन-चार दिवसांनी फडक्याने पुसून तेल. धो-धो पाऊस असेल तर रिक्षा, त्यात कमीपणा नाही. पिंपरीच्या छापखान्यात जायचे असेल तर सायकल मेट्रोत घालतात; पुणे मेट्रो 2022 मध्ये सुरू झाली तेव्हापासून डब्यात सायकल नेऊ देते. गर्दीची वेळ मात्र टाळावी लागते.

जमत नाही त्या गोष्टीही आहेत. गॅसचे सिलिंडर नाही; भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. मागे माणूस बसवता येत नाही. दिवाळीचा किराणा एका फेरीत येत नाही. छापून आलेल्या पुस्तकांचे गठ्ठे टेम्पोनेच जातात. कोणी निव्वळ गावातल्या कामांसाठी नवी सायकल घेणार असेल तर त्याला बाई रोडबाइक सुचवत नाहीत. सरळ हँडलची, जाड टायरची, मडगार्ड-कॅरिअरसकट मिळणारी स्वस्त सायकल घ्या म्हणतात. त्यांचे म्हणणे फक्त त्यांच्यासाठी आहे, ज्यांची रोडबाइक गॅलरीत कव्हरखाली पुढच्या रविवारची वाट पाहत उभी आहे.

अशी सायकल तुमच्याकडे असेल तर या आठवड्यात एक काम तिच्यावरून करून पाहा. लांबचे नको, दळण, औषधे, पोस्ट, एवढेच. त्याआधी मोठे टायर बसतात का ते पाहा, चांगले कुलूप घ्या आणि क्लीटचे पायडल काढून साधे लावा. पंधरा नंबरचा पाना लागेल. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो.